बियाण्याची किल्ली कोणाकडे?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कुणी आत्ताच रानातून आली असेल, कुणाची चूल पेटली असेल, कुणी पीठ मळायला घेतलं असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आजचा विषय आहे पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्था. विषय ऐकून काही जणी म्हणतील, आलं पुन्हा झाडं लावा आणि प्लास्टिक टाळा! तुमचंही बरोबर आहे. गावात जीप येते, शाळेत कार्यक्रम होतो, रोप लावताना फोटो निघतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रोपाच्या जागी नुसतं आळं उरतं. असं पाहून पाहून संस्था या शब्दावरचाच भरवसा उडतो. पण काही संस्थांची कामं वीस, तीस, चाळीस वर्षं टिकली आहेत. ती कशामुळे टिकली, हे समजलं तर आपल्याला दोन फायदे होतील. उद्या दारात येणारी संस्था पारखता येईल आणि आपल्या बचत गटाला स्वतःलाही असं काम उभं करता येईल.

हे समजून घ्यायला मी आज एकच वस्तू धरणार आहे. ती मुठीत मावते. बियाणं.

मनातल्या मनात एका प्रश्नाचं उत्तर द्या. गेल्या हंगामात तुमच्या शेतात जे पेरलं, ते बी कुठून आलं? घरातल्या कणगीतून की बाजारातल्या पिशवीतून? आणि कोणतं बी पेरायचं, हे घरात कोणी ठरवलं?

कणगीतून पिशवीत

आपल्या आजीच्या काळी बियाणं हे बाईचं खातं होतं. खळ्यावर कणसं आली की मळणीआधी ती भरदार कणसं बाजूला काढायची, आढ्याला टांगायची. वालाच्या, घेवड्याच्या शेंगा चुलीवर धुराच्या जागी बांधून ठेवायची. भोपळ्याच्या बिया राखेत घोळून गाडग्यात जायच्या. कोणतं बी उशिरा पाऊस आला तरी चालतं, कोणत्या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ राहते, कोणत्या तुरीचं वरण लवकर शिजतं, हे सगळं तिला पाठ असायचं. घरातलं धान्य संपलं तरी बियाण्याच्या गाडग्याला हात लावायचा नाही, हा घराचा नियम होता. आणि त्या नियमाची राखणदार तीच होती.

मग हायब्रीड आलं. ज्वारीचं पहिलं हायब्रीड वाण आपल्या देशात १९६४ साली आलं. त्याला सरसकट नावं ठेवायची नाहीत. टंचाईच्या वर्षांत अशा वाणांनी जास्त धान्य दिलं, हे खरं आहे. पण त्याबरोबर एक मोठा बदल झाला, तो नीट समजून घ्यायला हवा.

हायब्रीड म्हणजे दोन वेगवेगळ्या वाणांचा मुद्दाम केलेला संकर. त्याचं पहिलं पीक जोमदार येतं. पण त्या पिकातलं बी ठेवून पुढच्या वर्षी पेरलं तर ताटं सारखी येत नाहीत. कुठे उंच, कुठे बुटकं, कणीस कुठे मोठं, कुठे पोचट. म्हणून दर वर्षी नवी पिशवी घ्यावी लागते. देशी किंवा सरळ वाणाचं तसं नसतं. ते नीट निवडून ठेवलं तर वर्षानुवर्षं पेरता येतं. कापसाचं उदाहरण तर समोरच आहे. २००२ साली बीटी कापूस आला. तो आपल्याकडे बहुतेक सगळा हायब्रीडच्याच रूपात आहे, त्यामुळे घरची सरकी पेरणं जवळजवळ बंद झालं.

यातून काय झालं? बियाणं घरातून दुकानात गेलं. बियाणं गेलं तसा निर्णयही गेला. पूर्वी ज्याची किल्ली बाईच्या कमरेला होती, ते आता ज्याच्या खिशात पैसे त्याच्या हातात आलं. पैसे नसतील तर उधारीवर, आणि उधारी आली की दुकानदार देईल ते वाण, तो सांगेल ते खत आणि ती सांगेल तितकी फवारणी.

बियाण्याचा आणि पर्यावरणाचा काय संबंध?

सरळ साखळी आहे. देशी ज्वारीचं ताट उंच वाढतं, कडबा भरपूर होतो. कडबा असला तर दारात जनावर टिकतं. जनावर टिकलं तर शेण, शेण असलं तर शेणखत, आणि शेणखत असलं तर माती ओल धरून ठेवते. बुटक्या वाणाचा कडबा कमी पडला की जनावर विकावं लागतं. मग खत गोणीतून आणायचं आणि माती दर वर्षी थोडी जास्त कडक होत जाते.

दुसरी गोष्ट, मिश्र पिकाची. ज्वारीत तूर, तुरीत मूग, कडेला अंबाडी, मध्येच तीळ किंवा कारळं. एका पिकावर कीड पडली तरी सगळं शेत जात नाही, एकाला पाऊस कमी पडला तरी दुसरं हाताला लागतं. पण सगळ्या शिवारात एकच पीक असलं की कीडही शिवारभर पसरते.

तिसरी गोष्ट, न पेरता येणाऱ्या भाज्यांची. तांदुळजा, घोळ, कुर्डू, चाकवत, पाथरी. निंदणी करताना ओच्यात टाकून आणलेली भाजी ही कित्येक घरांची संध्याकाळ भागवते. तणनाशक फवारलं की तण जातं, त्याबरोबर ही भाजीही जाते. तोटा झालेला कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, कारण ती भाजी विकत घेतलेलीच नव्हती.

म्हणून बियाणं राखणं म्हणजे फक्त जुन्या गोष्टींची हौस नव्हे. माती, पाणी, जनावर आणि ताट या सगळ्यांची सुरुवात तिथे होते. आता हे काम करणाऱ्या दोन ठिकाणांची गोष्ट ऐका.

जहीराबादच्या बाया

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर, कर्नाटकाची हद्द ओलांडली की तेलंगणात जहीराबाद लागतं. आपल्या मराठवाड्यासारखाच कोरडवाहू मुलूख. तिथे १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करते. दूरदर्शनवर काम केलेले पी. व्ही. सतीश हे तिचे एक संस्थापक. ते २०२३ मध्ये गेले, पण काम चालू आहे, कारण ते त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर नव्हतं. गावोगावी बायांचे गट आहेत, त्यांना तिकडे 'संघम' म्हणतात. त्यातल्या बहुतेक जणी दलित समाजातल्या, शाळेत न गेलेल्या, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करणाऱ्या किंवा एक-दोन एकर हलक्या जमिनीच्या मालकिणी.

जमीन नावावर होती, पण पडीक. सरकारी वाटपात गरिबांच्या वाट्याला येते तशी, दगडगोट्यांची. ती नांगरायला पैसा नाही, म्हणून मजुरी, आणि घरात खायचं ते रेशनच्या तांदळातून. पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी खाणाऱ्या घरात ज्वारीच दिसेना.

१९९० च्या दशकात संघमच्या बायांनी यावर एक तोड काढली. पडीक जमीन वहितीखाली आणायला प्रत्येकीला कर्जाऊ मदत मिळाली. अट अशी की फेड पैशात करायची नाही, ज्वारीत करायची, आणि ती काही वर्षांत थोडी थोडी. फेडीची ज्वारी तालुक्याच्या गोदामात गेली नाही, गावातच साठवली गेली. मग गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं की गावात सगळ्यांत गरीब घरं कोणती. त्या घरांना टंचाईच्या महिन्यांत ही ज्वारी स्वस्तात मिळू लागली. विक्रीचा पैसा पुन्हा गावाच्याच निधीत. म्हणजे आपल्याच पडीक जमिनीवर पिकलेलं, आपणच साठवलेलं, आपणच वाटलेलं रेशन!

यासाठी बियाणं लागलं. ते दुकानात नव्हतंच. राळा, वरी, कोद्रा, कुळीथ, जवस, देशी तूर यांची बियाणी म्हाताऱ्या बायांच्या गाडग्यांतून निघाली. एकीकडे मूठभर, दुसरीकडे ओंजळभर. ती वाढवली, वाटली आणि गावागावांत बियाण्याच्या बँका उभ्या राहिल्या. नियम साधा, बी घेऊन जा आणि सुगीला जास्तीचं परत आण. शेणामातीने सारवलेल्या टोपल्या, त्यात राख, कडुनिंबाचा पाला आणि वरून लिंपण. एकेका लहान शेतात दहा-पंधरा प्रकारची पिकं घेणाऱ्या बाया तिथे आहेत. ज्यांना जमीनच नाही, त्यांनी गटाने जमीन खंडाने घेतली आणि मिळून कसली.

दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास तिथे बियाण्यांची जत्रा निघते. बैलगाड्या सजवतात, मडक्यांत बियाणी भरून गाड्यांवर मांडतात, आणि ही यात्रा गावोगाव फिरते. प्रत्येक गावात बसून चर्चा होते, यंदा काय पिकलं, काय बुडालं, कोणतं बी हरवत चाललं आहे. देवाची पालखी यावी तसं बियाणं गावात येतं. २०१९ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आणि ही गोष्ट तर तुम्ही आवर्जून ऐका, कारण ती आपल्या या रेडिओच्या घराण्याची आहे. याच बायांनी माचनूर नावाच्या गावात 'संघम रेडिओ' सुरू केला. शाळेत फारसं न गेलेल्या घरांतल्या मुलींनी माइक आणि ध्वनिमुद्रण शिकून घेतलं. परवाना मिळायच्या आधी कितीतरी वर्षं त्या कार्यक्रम टेपवर भरून संघमच्या बैठकीत ऐकवायच्या, कारण तेव्हा संस्थांना रेडिओ चालवायची परवानगीच नव्हती. ते धोरण २००६ मध्ये बदललं, आणि १५ ऑक्टोबर २००८ ला, म्हणजे जागतिक ग्रामीण महिला दिनी, संघम रेडिओ हवेवर आला. उद्घाटन केलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. आपल्या महाराष्ट्रातले हे न्यायमूर्ती. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो देणाऱ्यांत ते होते. आज आपण जे बोलतो आणि ऐकतो आहोत, त्याची वाट अशी तयार झाली आहे.

अकोले तालुक्यातली बीजमाता

आता आपल्या राज्यात येऊ. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या परिसरात कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई सोमा पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. वाल, घेवडा, भात, नाचणी, वरई, पालेभाज्या यांची गावरान बियाणी त्या घरी राखत आल्या. त्यांना 'बीजमाता' म्हणतात. हे नाव त्यांना शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी दिलं. पुढे त्यांना नारीशक्ती पुरस्कार आणि २०२० चा पद्मश्री जाहीर झाला.

पण पुरस्कारापेक्षा आपल्याला त्याच्या आधीचं काम कामाचं आहे. त्या भागात 'बायफ' ही संस्था काम करत होती. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेली ही संस्था. आधी तिचं नाव गाईंच्या पैदाशीसाठी गाजलं, पुढे तिने शेती, फळझाडं, पाणी अशी पुष्कळ कामं केली. बायफच्या कार्यकर्त्यांनी राहीबाईंना बियाणं राखायला शिकवलं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते ज्ञान त्यांच्याकडे होतंच. संस्थेने त्याला जोड दिली. वाणं वेगळी कशी ठेवायची, नोंद कशी करायची, बी निरोगी आहे का हे कसं तपासायचं, आणि एका घरातलं बी शेकडो घरांत कसं न्यायचं. त्यातून कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. तिथेही रीत तीच, बी न्या आणि पीक आल्यावर दुप्पट परत करा.

असंच काम उत्तराखंडच्या टिहरी भागात 'बीज बचाओ आंदोलन' करत आलं आहे. चिपको आंदोलनात झाडं वाचवलेल्या विजय जडधारी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८० च्या दशकात ते सुरू केलं. तिथल्या बाया एकाच शेतात बारा प्रकारचं धान्य पेरतात, त्याला 'बारानाजा' म्हणतात.

टिकलं ते कशामुळे?

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. बियाणं संस्थेच्या कार्यालयात राहिलं नाही. ते गावात, बायांच्या घरात राहिलं. संस्थेने गाडी दिली, प्रशिक्षण दिलं, माणसं जोडली, सरकारदरबारी शब्द टाकला. पण साठ्याची किल्ली तिने आपल्याकडे ठेवली नाही.

आपल्याकडे पुष्कळ कामं का विरतात? प्रकल्प तीन वर्षांचा असतो. तीन वर्षं बैठका होतात, वही संस्थेचा माणूस लिहितो, बियाणं संस्थेच्या खोलीत असतं. प्रकल्प संपला, माणूस बदलून गेला, खोलीला कुलूप लागलं की बाया म्हणतात, "त्यांचं काम संपलं." 'त्यांचं' हा शब्दच सांगतो की ते काम कधी आपलं झालंच नव्हतं.

म्हणून पुढच्या वेळी एखादी संस्था गटाकडे आली तर तिला चहा जरूर पाजा आणि हे पाच प्रश्नही विचारा.

एक, प्रकल्प संपल्यावर साठा, साहित्य आणि निधी कोणाच्या नावावर राहील?
दोन, वही कोण लिहिणार? आम्हाला लिहिता येत नसेल तर शिकवणार का?
तीन, काय पेरायचं, कोणाला द्यायचं, हे ठरवताना आमचं मत शेवटचं असेल का?
चार, ज्या बाईला जमीन नाही, तिला यात काय आहे?
पाच, तुम्ही उद्या आला नाहीत तर हे काम कसं चालेल?

चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट तिला बरं वाटतं की इथे काम रुजेल.

आपल्या गटाची बियाणे बँक

आता संस्थेची वाट न पाहता गटाला काय करता येईल ते पाहू. बचत गट चालवणाऱ्या बाईला बियाणे बँक अवघड नाही. हिशेब तोच, फक्त पैशाऐवजी धान्य.

समजा, गटाने देशी रब्बी ज्वारीचं ३० किलो चांगलं बी जमवलं. त्यातलं १० किलो राखीव ठेवलं. उरलेलं २० किलो, एकरी ४ किलोप्रमाणे, पाच जणींना दिलं. सुगीला दुप्पट परत, म्हणजे ४० किलो. राखीव धरून ५० झालं. पुढच्या वर्षी पुन्हा १० किलो राखून दहा जणींना देता येईल. तिसऱ्या वर्षी ८० किलो परत येईल आणि वीस जणींना पुरेल. परत आलेल्या ताज्या बियाण्यातूनच नवं राखीव काढायचं आणि जुनं दळणाला द्यायचं, कारण बी डब्यात कायमचं जगत नाही. ते दर एक-दोन वर्षांनी मातीत जाऊन यावं लागतं.

नियम आधीच ठरवा. दुष्काळ पडला, गारपीट झाली तर दुप्पट मागायचं नाही. चांगल्या वर्षी फेडेल, असं वहीत लिहायचं. किल्ली एकीकडे, वही दुसरीकडे, आणि साठा तपासायला तिसरी. दर वर्षी या तिघी बदलायच्या. वहीत नाव, वाण, दिलेलं वजन, परत आलेलं वजन लिहाच, पण एक रकाना शेऱ्याचाही ठेवा. पाऊस किती उशिरा आला, पीक तगलं का, कडबा कसा, भाकरी कशी झाली. पाच वर्षांनी ही वही तुमच्या गावाचं शेतीचं पुस्तक होईल.

बी निवडताना शेताच्या मधल्या भागातली निरोगी झाडं आधीच हेरून त्यांना चिंधी बांधा. बांधाकडेचं बी घेऊ नका, तिथे शेजारच्या वाणाची भेसळ होते. बाजरी आणि मक्याच्या बाबतीत जास्त जपावं लागतं, कारण त्यांचे पराग वाऱ्याने दूर जातात. शेजारी हायब्रीड असेल तर त्या शेतातलं बी ठेवू नये. भाजीचं एखादं चांगलं फळ झाडावर पूर्ण पिकू द्या, मोह आवरा.

बी चांगलं वाळवा. दाताखाली धरलं तर दाबलं न जाता कट्‌कन फुटलं पाहिजे. गार झाल्यावरच भरा, गरम बी भरलं तर आत घाम धरतं. चाळलेली कोरडी राख आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. राख ओल शोषून घेते आणि भुंग्याला दाण्यांमधून फिरू देत नाही. डबा काठोकाठ भरा, तोंड घट्ट बंद करा आणि जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. चिठ्ठी एक आत टाका आणि एक बाहेर चिकटवा.

पेरणीआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, म्हणजे १०० दाणे मांडा. गुंडाळी करून सावलीत ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका. साधारण आठवड्यात उलगडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर बी पेरणीजोगं. थोडे कमी असतील तर बियाणं वाढवून पेरा. फारच कमी असतील तर पेरू नका. सोयाबीनसाठी कृषी विभागही हीच तपासणी सांगतो. सोयाबीन सरळ वाणाचं असतं, त्यामुळे घरचं बी वापरता येतं. मात्र त्याचं साल नाजूक असतं, पोती आपटू नका आणि थप्पी उंच लावू नका.

कायदा आपल्या बाजूने आहे

घरचं बियाणं देणं-घेणं बेकायदा आहे, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी ठेवायचा, पुन्हा पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क त्याने दिला आहे. संरक्षित वाणाचं बी छापील पिशवीत, नावाची छाप लावून विकता येत नाही, एवढीच मर्यादा. आपल्या गावाचं जुनं वाण शेतकऱ्यांचं वाण म्हणून याच कायद्याखाली नोंदवताही येतं.

दुसरा कायदा जैवविविधतेचा, २००२ चा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने गावातली पिकं, झाडं, जनावरं, रानभाज्या, औषधी वनस्पती यांची लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. २००४ च्या नियमांत या समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असं म्हटलं होतं. पुढच्या ग्रामसभेत विचारा, आपल्या समितीत कोण आहे आणि नोंदवही कुठे आहे? ती कपाटात असेल तर बाहेर काढा आणि वाचून घ्या. तुमच्या परसातल्या वालाचं नाव त्यात नसेल तर ते लिहून घ्या.

नावाला किंमत येते, हेही लक्षात ठेवा. मंगळवेढ्याची ज्वारी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, भिवापूरची मिरची, जळगावचं भरीताचं वांगं यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ही वाणं आपल्यासारख्याच घरांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, म्हणून ती मानांकनापर्यंत पोचली.

कष्टाचाही हिशेब मांडा

आता थोडं अवघड बोलते. देशी वाण म्हटलं की उत्पन्न काही वेळा कमी भरतं. राळा, वरी, कोद्रा यांचं टरफल काढायला कांडप लागतं आणि ते कुणाच्या हाताने होतं, हे सांगायला नको. पर्यावरण वाचवायचं म्हणून बाईने पुन्हा मुसळ हातात घ्यायचं असेल, तर ते मला मान्य नाही. म्हणून गटाने संस्थेकडे, पंचायतीकडे मागायचं ते हे. टरफल काढायची लहान गिरणी, साठवणीची कोरडी खोली, आणि अंगणवाडीच्या आहारात आपल्या नाचणी-ज्वारीला जागा. बियाणं राखायचं काम घराचं आहे, तर निवडण्या-वाळवण्यात घरातल्या पुरुषांचेही हात लागले पाहिजेत.

आणि सगळं शेत एकदम पालटायचं नाही. घर चालायला नगदी पीक लागतं, हे मला कळतं. बांधाच्या कडेने, दोन गुंठ्यांत, परसात सुरुवात करा. जिला जमीन नाही, तिच्या दारात वालाचा एक वेल आणि दोडक्याचा एक मांडव होईलच. तिचं बीही बँकेत तेवढ्याच मानाने जमा झालं पाहिजे.

या आठवड्याचं काम

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक बी घेऊन यायचं. मूठभर पुरे. नसेल तर सासूबाईंना, शेजारच्या आजीला, माहेरी आत्याला विचारायचं. बी मिळालं नाही तरी नाव मिळेल. पूर्वी आपल्याकडे कोणतं वाण होतं आणि ते कशासाठी चांगलं होतं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ज्यांना हे माहीत आहे, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. बियाणं दुसऱ्या गावातून आणता येईल, पण ते कधी पेरायचं, कसं राखायचं, कशात रांधायचं, हे त्यांच्याशिवाय कुणाला विचारणार?

बैठकीत काय काय जमलं ते आम्हाला नक्की कळवा. कोणाकडे कोणतं बी आहे आणि कोणाला कोणतं हवं आहे, याची यादी आपण या रेडिओवरूनच वाचून दाखवू. एका गावचा वाल दुसऱ्या गावच्या मांडवावर चढायला एवढं पुरे आहे.

चला, भाकऱ्या करपायच्या आत मी थांबते. नमस्कार.